भाव विचारणारे आणि न विचारणारे

बीड जिल्ह्यातला, विशेषतः गेवराई-माजलगावकडचा कापूसवाला भावाच्या बाबतीत किती पक्का असतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. भाव पटला नाही तर घरातल्या खोल्या कापसाने भरून ठेवील, पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली तरी विकणार नाही. हाच गृहस्थ संध्याकाळी टपरीवर आकडा लावतो तेव्हा भावाचे नाव काढत नाही! हौशी आणि धंदेवाईक सट्टेबाजांतला फरक मला इथेच दिसतो.

गंमत म्हणजे मटक्याचे मूळ कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत, त्यांवर पैसे लागत. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते थांबले, आणि कल्याणजी भगत, रतन खत्री यांचा मटका उभा राहिला. कापूस गेला, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ राहिले.

आता हिशेब पाहा. शून्य ते नऊ, आकडे दहा. प्रत्येकावर एकेक रुपया लागला तर जमले दहा; लागलेल्या आकड्याला मिळतात साधारण नऊ. उरलेला रुपया घेणाऱ्याचा. स्वप्नात दिसलेला आकडा असो की एस.टी.च्या तिकिटावरचा, हा रुपया चुकत नाही.

क्रिकेटमध्येही तेच. समजा, भारताचा भाव ८०-८२ आहे. भारत जिंकेल म्हणून शंभर लावणाऱ्याला ८० मिळणार. हरेल म्हणणाऱ्याने शंभर मिळवण्यासाठी ८२ लावायचे. दोन्हीकडे सारखे गिऱ्हाईक आले की भारत जिंकला तर बुकीचे दोन रुपये सुटतात, हरला तर त्याचे काही जात नाही. तो सामना पाहतो तरी कशाला, असा प्रश्न मला पडतो. हौशी माणूस मात्र आपल्या संघावर, म्हणजे आपल्या मायेवर, पैसे लावतो.

भाव मोजून लावणारेही असतात, पण थोडे. विल्यम बेंटर या अमेरिकनाने १९८० च्या दशकात हाँगकाँगमध्ये संगणकावर घोड्यांच्या संधी मोजल्या, आणि लोकांनी एखाद्या घोड्याची किंमत कमी धरली असेल तिथेच पैसे लावले. आपल्याकडेही १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले. पण कौशल्य वहीत असते. धंदेवाईक हरलेला रुपयाही लिहून ठेवतो, बरेचदा नुसता बसून राहतो. हौशी माणसाला जिंकलेला दिवस तारखेसह आठवतो. एकूण गेले किती, हे विचारा, तो विषय बदलतो. त्यातून घेणारा ओळखीचा असला की उधारीवरही आकडा लागतो. हे सर्वांत वाईट.

जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी आणली. मात्र वेचणीचे पैसे हाती पडतात तेव्हा घरात बी-बियाण्यांची उधारी, मुलीची फी आणि सोसायटीचे कर्ज एकदमच दारात उभे असते. ‘एका डावात सगळे फिटेल’ हे वाक्य मी याच दिवसांत सर्वाधिक ऐकले आहे.