विद्यापीठाच्या ‘समाजा’त आमची वस्ती आहे काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. निफाडच्या कोर्टातून लासलगावला घरी आलो तर ओट्यावर वस्तीतल्या एक ताई बसलेल्या. ‘जयभीम वकीलसाहेब, एवढा कागद वाचून द्या,’ म्हणाल्या. कागद मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या निकालाचा होता. दोन विषयांपुढे अनुपस्थित अशी नोंद. ताई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जातात. बारावीनंतर लग्न झाले, दोन मुले झाली, मग स्वतःच्या मजुरीतून फी भरून त्यांनी प्रवेश घेतला. परीक्षेची जागा बदलल्याचा निरोप मोबाईलवर आला होता. मोबाईल नवऱ्याकडे, नवरा हमालीला. पेपर हुकले.

मी विचारले, ‘केंद्रावर तासांना जात होता ना?’ त्या म्हणाल्या, ‘तास रविवारी. रविवारी लिलाव बंद असतो साहेब, खळं नाही बंद राहत. फी घ्यायला माणूस भेटला, नंतर कोणी भेटलं नाही.’ आणि निघताना त्यांनी विचारले, ‘कॉलेज आपल्याकडं येत नाही का हो?’

त्यांचा राहिलेल्या विषयांचा फॉर्म भरून दिला. तेवढे काम अर्ध्या तासाचे होते. परंतु त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

वास्तविक हा प्रश्न नवा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलमध्ये मांडला होता. मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक चर्चेला होते. उच्च शिक्षण गरजू आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. ते नुसते बोलून थांबले नाहीत. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करणारा होता. आधी विद्यार्थ्याचे पोट पाहिले, मग वेळापत्रक केले! १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेही मराठवाड्यातल्या मुलाला मुंबई गाठावी लागू नये म्हणून. विद्यापीठाने लोकांकडे जावे म्हणजे काय, याचा धडा आपल्याला परदेशातून आणण्याची गरज नाही.

१ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. वयाची अट नाही, रोज वर्गात बसण्याची सक्ती नाही, मराठीतून पुस्तके आणि गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे. या विद्यापीठाचे आपल्या समाजावर ऋण आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. चळवळीतले किती कार्यकर्ते, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, एस.टी.चे वाहक संसार सांभाळून येथे पदवीधर झाले! नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातल्या बंद्यालाही या विद्यापीठाने विद्यार्थी मानले. म्हणूनच अपेक्षा त्याच्याकडून अधिक आहे. गंगा घरापर्यंत आली, परंतु उंबऱ्याबाहेर थांबली, असे होता कामा नये.

आता लासलगावकडे पाहू. हे गाव कांद्याची मोठी बाजारपेठ म्हणून देशभर ओळखले जाते. कांद्यासाठी ज्ञान इथवर आले नाही असे कोण म्हणेल? महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पिंपळगाव बसवंतच्या केंद्रातून ‘बसवंत ७८०’ हा वाण निघाला. मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्यांना मार्गदर्शन करते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र २००२ साली लासलगावात उभे राहिले. २००७ साली येथून विकिरण केलेला आंबा अमेरिकेला गेला. हे काम चांगलेच आहे. भाव पडला की रस्त्यावर कांदा ओतणारा शेतकरी आपला शत्रू नाही. त्यात आपलेही अल्पभूधारक बांधव आहेत.

परंतु कांदा शेतातून निघून ट्रकमध्ये चढेपर्यंत किती हातांतून जातो? काढणारी बाई, पात कापणारी बाई, खळ्यावर निवड करणारी बाई, गोणी भरणारा, शिवणारा, पाठीवरून वाहणारा हमाल, माप करणारा मापारी. या हातांचे शास्त्र कोणत्या विद्यापीठाने अभ्यासले? दिवसभर वाकून निवड करणाऱ्या बाईच्या कमरेचे काय होते, कांद्याच्या धुळीने छातीचे काय होते, खळ्यावर संडासाची सोय आहे काय, मजुरी किती आणि कोणत्या दिवशी मिळते? कांद्याच्या टिकाऊपणावर संशोधन होते. कांदा निवडणारीच्या टिकाऊपणावर कधी होणार? ज्याच्याकडे सातबारा आहे तोच विद्यापीठाचा ‘समाज’, आणि ज्याच्याकडे फक्त दोन हात आहेत तो हिशेबाबाहेर, हे चालणार नाही.

एप्रिल २०२४ मध्ये हमाली, तोलाई आणि वाराईच्या कपातीवरून जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. शेतकरी, व्यापारी, बाजार समिती, सगळ्यांच्या बाजू छापून आल्या. या वादाच्या मुळाशी १९६९ चा माथाडी कायदा आहे. तो हमालाला समजावून सांगायला कायद्याचा एखादा विद्यार्थी बाजार आवारात आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. गाव दत्तक घ्यायचे, सात दिवसांचे शिबिर घ्यायचे, अशी तिची पद्धत. असे एक शिबिर मी जवळून पाहिले. मुलांनी ग्रामपंचायतीपासून मंदिरापर्यंतचा रस्ता झाडला, फोटो काढले. वस्तीकडे वळणाऱ्या रस्त्यावर झाडू थांबला. मी कारण विचारले तर उत्तर आले, ‘कार्यक्रमात तो भाग नव्हता.’ मुलांचा दोष नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्याच्या नकाशात वस्तीच नव्हती!

हे सारे आम्ही उपकार म्हणून मागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ सालीच अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य ही विद्यापीठाची तिसरी जबाबदारी मानली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्तारासाठी स्वतंत्र मंडळ आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाने विधी सहाय्य केंद्र चालवले पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला मोफत विधी सेवेचा हक्क आहे. कायदा आहे, मंडळ आहे, केंद्र आहे. फक्त वस्तीपर्यंतचा रस्ता नाही.

हल्ली विद्यापीठे सामंजस्य करार करतात. कारखान्याशी करतात, बँकेशी करतात. मग हमालांच्या संघटनेशी, बचत गटाशी, बुद्धविहाराच्या समितीशी करार का होऊ नये? आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक, अभ्यासकेंद्राचे काही तास वस्तीतल्या विहारात किंवा समाजमंदिरात, रात्री आठनंतर घ्यावेत. परीक्षेचा निरोप विहाराच्या फलकावरही लागावा.

दोन, विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक दिवस बाजार आवारात बसावे. माथाडी नोंदणी, किमान वेतन, ॲट्रॉसिटीची फिर्याद आणि कामाच्या जागी छळ झाल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्यायची तक्रार, एवढे तरी सांगावे.

तीन, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी खळ्यांवरील स्त्रियांची पाहणी करावी आणि तिचा अहवाल आधी त्याच स्त्रियांपुढे वाचावा.

चार, शिबिराचे गाव दत्तक घेताना सर्वात शेवटची वस्ती आधी घ्यावी.

आता थोडे आपल्याबद्दल. विद्यापीठाला जाब विचारताना आपण पदवीधरांनी काय केले? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाविषयी बाबासाहेबांनी जी व्यथा मांडली, ती आजही आपल्याला लागू आहे. आपली विहारे १४ एप्रिलला आणि पौर्णिमेला उघडतात, एरवी कुलूप. १३ ऑक्टोबरला आपण येवल्याच्या मुक्तिभूमीवर जातो, १९३५ च्या घोषणेचे स्मरण करतो आणि परत येतो. मी स्वतः वीस वर्षे वकिली करतो. त्या ताईंच्या गल्लीत जयंतीच्या वर्गणीव्यतिरिक्त किती वेळा गेलो? उत्तर देताना मान खाली जाते.

म्हणून या दिवाळीनंतर आम्ही विहाराचे कुलूप काढले. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठ ते दहा. दोन निवृत्त शिक्षक येतात, मी कायद्याचा तास घेतो. पहिल्या रात्री तीन बाया आल्या, आता अकरा येतात. त्यात त्या ताई आहेत. हाताला कांद्याचा वास असतो, वहीलाही लागतो. परीक्षेचा निरोप आता आम्ही फलकावर खडूने लिहितो.

हे काम विद्यापीठाचे आहे, आमचे नाही, असे म्हणून आम्ही बसणार नाही. परंतु आम्ही करतो आहोत म्हणून विद्यापीठाची जबाबदारीही संपत नाही. विहाराचे दार उघडे आहे. विद्यापीठाने यावे. चटईवर जागा आहे.

जयभीम!