ओमतीच्या रस्त्यावर बाबागाडी: समजुती आणि वस्तुस्थिती

जबलपूरच्या मराठी घरांत बाबागाडी बहुतेकदा बारशाला येते. मामा घेऊन येतो, नाहीतर नागपूरची आत्या पैसे पाठवते आणि "तिथेच बघून घ्या" म्हणते. गाडी दारात उभी राहते तेव्हा बाळ जेमतेम दोन आठवड्यांचं असतं, आणि ती पसंत केलेली असते रंग, टप आणि समोर लटकणारी खेळणी पाहून. शहरातल्या ओमती भागात घर असलं की ती गाडी दोन-चार दिवसांतच बाहेर निघते: घंटाघरापर्यंत, नौदरा ब्रिजकडे, भंवरतालच्या बागेत, किंवा लसीकरणाला. रस्ता तोच, जिथे ई-रिक्षा, दुकानांपुढे लावलेल्या स्कूटर, नालीवरच्या हलत्या फरशा आणि मोकाट गाई एकमेकांना वाट देत असतात.

या गाडीबद्दल घरोघरी काही समजुती ठाम बसलेल्या आहेत. त्यांतल्या काही निरुपद्रवी आहेत, दोन-तीन मात्र जिवावर बेतू शकतात. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

"जन्म से तीन साल तक चलेगी, भाभीजी." दुकानातलं हे वाक्य पहिलं, आणि सगळ्यांत महागात पडणारंही तेच. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं, डोक्याचा मागचा भाग फुगीर असतो आणि मानेचे स्नायू अजून कामाला लागलेले नसतात. अशा बाळाला टेकून बसवलं की डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला लागते आणि मऊ, अरुंद श्वासनलिका दुमडल्यासारखी होते. बाळ रडत नाही, धडपडत नाही. बाहेरून ते शांत झोपल्यासारखंच दिसतं, आणि म्हणूनच हा धोका कुणाच्या लक्षात येत नाही.

मान साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात धरली जाते. आधाराशिवाय बसणं सहा ते आठ महिन्यांच्या आसपास येतं. तोवर बाळाला आडवंच न्यायचं. बाबागाड्यांसाठी युरोपात जे मानक आहे, ईएन १८८८, त्यात सहा महिन्यांखालच्या बाळासाठी पाठ आणि बैठक यांच्यात किमान १५० अंशांचा कोन लागतो, म्हणजे पाठ जवळजवळ सपाट झाली पाहिजे. दुकानात गाडीची पाठ पूर्ण मागे टाकून बघा. अर्ध्यावर अडकत असेल तर ती गाडी तान्ह्या बाळासाठी नाही, विक्रेता काहीही म्हणो. काही गाड्यांवर सुटी निघणारी सपाट टोपली बसते. ती उत्तम, पण बाळ कुशीवर वळू लागलं, हातांवर उठू लागलं किंवा आधाराशिवाय बसू लागलं की तिचा उपयोग संपला. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावं.

याच समजुतीला जोडून दुसरी येते: "झोपलंय ना, राहू दे गाडीतच." आजीला हे अगदी मनापासून वाटतं, कारण झोपलेलं बाळ उचललं की उठणार. पण अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था स्पष्ट सांगते की बाबागाडी, मोटारीतलं आसन, झुला अशा बसक्या साधनांत बाळाला नेहमी झोपवू नये, चार महिन्यांखालच्या बाळाला तर नाहीच. वाटेत डोळा लागला तर हरकत नाही. घरी आल्यावर मात्र सपाट, टणक गादीवर, पाठीवर झोपवायचं. सूनबाईने हे सांगितलं तर आजींनी ते मनाला लावून घेऊ नये. त्यांच्या काळी हे कुणाला ठाऊक नव्हतं.

उशीचंही तसंच. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी, थंडी लागू नये म्हणून दुलई, कडेला टेकू म्हणून लोड: हे सगळं बाळाच्या नाकातोंडावर येऊ शकतं, आणि पट्ट्याखाली जाड गादी घातली तर पट्टा घट्ट वाटतो पण बसलेला नसतो. गाडीसोबत आलेली गादी पुरे. आणखी एक गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो, कारण ती श्रद्धेला धरून आहे. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत गाडीच्या कुठल्याही आकड्यात, बकलात अडकू शकतो, आणि बाळ सरकलं की तो आवळला जातो. दृष्टीची काळजी असेल तर गालावर काजळाचा ठिपका लावा, गळ्यात काही नको.

आता पट्ट्याकडे येऊ. "एवढ्याशा अंतरासाठी कशाला बांधायचं त्याला?" हा प्रश्न नौदरा ब्रिजपर्यंत जाणारा प्रत्येक जण विचारतो. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात बाबागाडी किंवा बाळ नेण्याच्या साधनांमुळे दुखापत होऊन आपत्कालीन विभागात आणलेल्या, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची अंदाजे संख्या ३ लाख ६० हजारांवर होती. बाबागाडीच्या बाबतीत सर्वांत मोठं कारण पडणं हेच होतं आणि मार बहुतेक डोक्याला आणि चेहऱ्याला होता. हे गुळगुळीत फूटपाथ असलेल्या देशातलं. आपल्याकडे नालीच्या फरशीच्या फटीत पुढचं छोटं चाक अडकलं की गाडी जागच्या जागी थांबते आणि न बांधलेलं मूल पुढे फेकलं जातं.

पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. पायांमधला पट्टा सर्वांत महत्त्वाचा, कारण तोच मुलाला खाली घसरू देत नाही. २०१० मध्ये ग्राको कंपनीने अमेरिकेत सुमारे २० लाख जुन्या बाबागाड्या परत मागवल्या. पट्टा न लावलेली बाळं समोरचा ट्रे आणि बैठक यांच्या फटीतून खाली सरकली होती, शरीर गेलं आणि डोकं अडकलं. चार बाळांचा मृत्यू नोंदला गेला होता. समोरची आडवी दांडी किंवा ट्रे म्हणजे संरक्षण, असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. दांडी मुलाला धरायला असते, त्याला धरून ठेवायला नव्हे. पट्टा आणि छाती यांच्यात मोठ्या माणसाची दोन बोटं जातील इतपतच ढील ठेवायची.

गाडी उलटण्याचं दुसरं कारण आपणच टांगतो. भाजीची पिशवी हँडलला, दुधाची पिशवी हँडलला, वर आईची पर्स. बाळ बसलेलं असेपर्यंत गाडी उभी राहते, कारण पुढचं वजन मागच्या वजनाला तोलत असतं. बाळाला उचललं की तोल गेला आणि गाडी मागे कोसळली. मूल आठ-दहा किलोंचं आणि पिशव्या पाच किलोंच्या असल्या तर ते बसलेलं असतानाही गाडी उलटू शकते, कारण हँडल चाकांच्या बरंच मागे असतं. सामान खालच्या जाळीत ठेवा, तिथे ते गाडीला स्थिर करतं.

उन्हाबद्दलची समजूत जबलपूरसाठी खास महत्त्वाची आहे. मे महिन्यात इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि मायेपोटी गाडीवर ओढणी, टॉवेल, पातळ चादर टाकली जाते. सावली मिळते हे खरं. पण गाडीच्या आत हवा कोंडते आणि तापते. २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाने हे मोजून पाहिलं. कोरड्या मलमलीने झाकलेल्या गाडीतलं तापमान बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून जास्त, तर जाड फ्लॅनेलने झाकलेल्या गाडीतलं साडेतीन अंशांहून जास्त निघालं. तान्ह्या बाळाला मोठ्यांसारखा घाम येत नाही आणि तहान सांगताही येत नाही.

त्याच अभ्यासात उपायही निघाला: मलमल ओली केली की आतलं तापमान बाहेरच्याहून खाली उतरतं, छोटा पंखा जोडला तर आणखी. वाळ्याच्या टट्टीचं तत्त्व हेच आहे, आणि जबलपूरच्या कोरड्या मे महिन्यात ते चांगलं चालतं. कपडा पातळ सुती हवा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा भिजवायला हवा, एक बाजू वाऱ्यासाठी उघडी हवी आणि बाळाचा चेहरा दिसत राहायला हवा. पावसाळ्यात, हवेत दमटपणा भरला की ओला कपडा थंडावा देत नाही, तेव्हा हा प्रयोग करू नये. आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बाळाला घेऊन बाहेर पडण्याची खरोखर गरज आहे का, हे आधी स्वतःला विचारावं.

"महाग म्हणजे सुरक्षित" हे अर्धं खरं. २००९ मध्ये मॅक्लारेन या नामवंत कंपनीने अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांबाबत सूचना काढली आणि सांध्यांवर बसवायची झाकणं वाटली, कारण गाडी उघडताना बिजागरीत बोट सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. याच कंपनीचे संस्थापक ओवेन मॅक्लारेन विमान-अभियंता होते, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी बनवली आणि जगभरच्या बाबागाड्यांचं रूप बदललं. इतक्या चांगल्या रचनेतही बिजागरी धोक्याची ठरली. म्हणून कुठलीही गाडी उघडताना किंवा मिटताना मूल हात पुरणार नाही इतकं दूर असावं, आणि उघडल्यावर कुलूप बसल्याचा आवाज ऐकूनच त्याला बसवावं.

किमतीपेक्षा चाकं पाहा. छत्रीगाडी हलकी, रिक्षात मावते, जिन्यावरून उचलता येते. पण तिची बारीक प्लॅस्टिकची चाकं ओमतीच्या गल्लीत दर दहा पावलांवर अडतात आणि प्रत्येक धक्का बाळाच्या पाठीला जातो. इथे मोठी रबरी चाकं, मागे थोडी स्प्रिंग आणि पुढची फिरती चाकं सरळ अडकवून ठेवायची सोय हवी. घर दुसऱ्या मजल्यावर असेल तर वजनाचा विचार करावाच लागतो, आणि तिथे दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. माझं मत विचाराल तर रस्त्याला प्राधान्य द्या आणि गाडी खालीच साखळीने बांधून ठेवण्याची जागा शोधा. बाळ आत असताना दोघांनी दोन टोकं धरून गाडी जिन्यावरून उतरवणं मात्र कधीही करू नये.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, त्यामुळे अनेकांना वाटतं की बाबागाडीलाही तो नियम लागतो. तो आदेश मुलांनी खेळायच्या वस्तूंसाठी आहे. बाहुलीची गाडी खेळणं, बाळाची गाडी खेळणं नव्हे.

धुराकडे फारसं कुणी बघत नाही. गाडीतलं बाळ जमिनीपासून साधारण ५५ ते ८५ सेंटिमीटरवर असतं, म्हणजे टेम्पोच्या धुराड्याच्या अगदी जवळ. सरे विद्यापीठातले प्रशांत कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलं की गाडीतली बाळं मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषण झेलू शकतात. घंटाघराच्या चौकात थांबायची वेळ आली तर वाहनांच्या रांगेपासून चार पावलं मागे उभं राहा, आणि शक्य तिथे आतली गल्ली धरा.

बाबागाडी म्हणजे मोटारीतलं आसन नव्हे. टोपली मागच्या सीटवर ठेवून भेडाघाटला जाणारे दिसतात. ब्रेक लागला की ती टोपली बाळासकट उडते. टोपली मोटारीसाठीच बनवलेली आणि सीटबेल्टने जखडलेली असेल तर गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९४ब चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास १००० रुपये दंड सांगतं.

गाडीबरोबर "मोफत" मिळणारा चाकांचा वॉकर परत करा. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून गडगडतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं.

"गाडीत ठेवलं की मायेला मुकतं" असंही म्हणतात. मूल कडेवर, उराशी असणं चांगलंच, आणि पहिले तीन-चार महिने गाडी नसली तरी काही अडत नाही. पण मणक्याचा त्रास असलेल्या आजोबांना किंवा शस्त्रक्रियेतून उठलेल्या आईला गाडीमुळेच बाळाला घेऊन बाहेर पडता येतं. डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर केलेल्या निरीक्षणात, मुलाचं तोंड आपल्याकडे असलेल्या गाडीत पालक त्याच्याशी दुपटीने बोलत होते. बैठक दोन्ही दिशांना फिरते का, हे म्हणून विचारून घ्या.

घेण्याआधी दुकानातच एवढं करा. पाच किलो आट्याची पिशवी बैठकीत ठेवून पट्टे लावा. दोन्ही मागची चाकं एकाच ब्रेकने अडतात का, हे दाराच्या उतारावर पाहा. गाडी एका हाताने वळवा. मग दुकानदाराला सांगून ती बाहेरच्या रस्त्यावर न्या आणि एखाद्या नालीच्या फरशीवरून ओलांडून परत आणा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. चुलत बहिणीकडून आलेली जुनी गाडी असेल तर हीच परीक्षा घरच्या गल्लीत घ्या, आणि पायांमधला पट्टा तुटलेला असेल तर नवीन शिवून घेऊ नका, गाडीच बाजूला ठेवा.