निजामाला कर्ज देणारं तारापूर

बोईसरला उतरून ‘तारापूर’ म्हटलं की रिक्षावाला विचारतो, कुठलं? एक एमआयडीसीचं, एक अणुवीजकेंद्राचं आणि तिसरं खाडीकाठचं मूळ गाव. पहिली दोन सगळ्यांना ठाऊक. तिसऱ्या गावातून निघालेल्या एका पेढीने कधीकाळी हैदराबादच्या निजामाला कर्ज दिलं होतं, हे मात्र चिंचणी-तारापुरातही फारसं कुणी सांगत नाही.

खाडीच्या दक्षिण काठावर, समुद्राच्या तोंडाशी पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १७३९च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने तो घेतला, पण त्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या आईला धाडलेलं सांत्वनपत्र इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे इंग्रजांच्या अमलात तोफांना काम उरलं नाही आणि किल्ला विकाजी मेहरजी या पारशी व्यापाऱ्याकडे इनाम म्हणून आला. लढाईचा किल्ला सावकाराकडे जावा, यात मला त्या शतकाचा स्वभाव दिसतो.

विकाजी आणि धाकटे पेस्तनजी हे तारापूरचे भाऊ. जकातीचे मक्ते घेऊन त्यांनी पैसा उभा केला. मक्ता म्हणजे सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि वसुली आपण करायची. त्यात जोखीम आली, माणसांची पारख आली आणि रोख रक्कमही हाताशी लागे. त्याच बळावर त्यांची नजर वऱ्हाडच्या कापसाकडे गेली. १८२५-२६ साली त्यांनी सुमारे ५०० बैलांवर लादून वऱ्हाडी कापूस मुंबईला पोचवला. तेव्हा आगगाडी नव्हती आणि घाट उतरायचा तो बैलांच्या पायांनी. तो तांडा किती दिवस चालला असेल, वाटेत पाण्याची सोय कुठे केली असेल, याचा नुसता विचार केला तरी या माणसांच्या धाडसाचा अंदाज येतो.

वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं, आणि त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, तेव्हा सावकारीची मोठी जागा रिकामी होती. विल्यम पामर आणि कंपनीची पेढी १८२४च्या सुमारास बुडाली होती. दिवाण चंदुलाल यांच्या कारभारात दरबाराला पैसा कायमच कमी पडे. तिथे ‘पेस्तनजी विकाजी’ ही पेढी उभी राहिली. दरबाराने कर्ज घ्यायचं आणि बदल्यात वऱ्हाडातल्या परगण्यांची वसुली पेढीकडे गहाण टाकायची, असा व्यवहार बसला. औरंगाबादच्या टांकसाळीत पेढीने पाडलेल्या रुपयाला लोक ‘पेस्तनशाही’ म्हणू लागले. खासगी सावकाराचं नाव रुपयाला चिकटावं, हे आपल्याकडे क्वचितच घडलं.

पण या व्यवहाराची गोम तारणातच होती. दागिना गहाण असला तर तो सावकाराच्या तिजोरीत असतो. परगणा गहाण असला तरी फौज राजाकडेच राहते. १८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाले आणि पेढीचा दरबारातला आधार गेला. १८४५ मध्ये निजाम सरकारने परगणे परत घेतले, कर्ज मात्र फिटलं नव्हतं. पेढीने कंपनी सरकारकडे दाद मागितली, प्रकरण विलायतेपर्यंत नेलं. हाती काही लागलं नाही. १८४८ मध्ये पेढी बसली.

मला विशेष वाटतं ते आधीच्या वर्षाचं. १८४७ साली, पेढी गटांगळ्या खात असताना, या भावांनी सिकंदराबादेत अग्यारी बांधून पुरी केली. ती आजही दोघांच्या नावाने उभी आहे. धर्मकार्याला घातलेला पैसा घेणेकऱ्यांच्या हाती लागत नाही, असा हिशेबही कुणी मांडील. मला तो पटत नाही. संपन्नतेच्या काळात विकाजींनी तारापुरातही अग्यारी बांधली होतीच.

पेढी बसल्यावर पाच वर्षांनी, १८५३ मध्ये, ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा पगार थकला म्हणून इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार स्वतःकडे घेतला. थकबाकीपोटी मुलूख, हा सौदा तोच. पण आता मागणारा फौजफाट्यासह आला होता, तेव्हा निजामाला नकार देता आला नाही.

तारापूरची बंदरी उलाढाल पुढे ओसरली. १८६०च्या दशकात आगगाडी आली ती खाडीपासून आत, बोईसरवरून; माल तिकडे वळला. पुढच्या शतकात, १९६९ मध्ये, अणुवीजनिर्मिती सुरू झाली आणि गावाचं नाव देशभर झालं, तेही विजेमुळे. किल्ल्याच्या तटाआत आज खासगी वाडी आहे. बुरूज पाहायचे असतील तर मालकांची परवानगी आधी काढावी.