मेंदूतील रसायनांचा नकाशा

कवटीच्या भक्कम पेटीत दडलेल्या मेंदूत कोणते रसायन कोठे आहे, हे पेटी न उघडता कसे कळावे? प्रबळ चुंबकात हायड्रोजनची अणुकेंद्रे ठरावीक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे १९४६ साली अमेरिकेत ब्लॉख व पर्सेल यांनी दाखविले. रेणू बदलला, की हा प्रतिसाद किंचित बदलतो. जणू प्रत्येक रसायनाचा सूर निराळा! पाण्याचा सूर मात्र इतका मोठा, की तो आधी दाबावा लागतो. ग्लुटामेट व ग्लुटामाइन यांचे सूर रुग्णालयांतील नेहमीच्या यंत्रात एकमेकांत मिसळतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाहून लाखपटींनी प्रबळ अशा ७ टेस्लाच्या यंत्रात ते वेगळे उमटतात. मेंदूच्या चिमुकल्या भागाभागांतील सूर असे मोजले, की नकाशा तयार होतो. चेतापेशी मरू लागल्या, की तेथील एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट घटते. शस्त्र न लावता डॉक्टरांना तो ऱ्हास दिसतो.