परतीच्या हमीवर परमुलखात

व्यापाऱ्याच्या घराला ‘हमी’ हा शब्द नवा नाही. वऱ्हाडातील कापसाचा व्यवहार अडत्याच्या शब्दावर आणि हुंडीवर उभा राहिला, तो याच एका शब्दाच्या बळावर. आज अमरावती-अकोल्याच्या अनेक घरांतील मुले-नातवंडे परदेशी स्थिरावली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला वाटते, तिकडे घेतलेली मोटारसायकल घेऊन भारतात यावे, मुक्तागिरीची यात्रा करावी, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे आणि परत जावे. रस्ताही खुणावणारा आहे. लोणी ते माना हा अमरावती-अकोला मार्गावरील 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत पूर्ण झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मात्र परदेशी पाटीची गाडी या रस्त्यावर यायची, ती हमीच्या दारातूनच.

या हमीच्या पुस्तिकेला व्यवहारात ‘कार्ने’ म्हणतात. वाहनाचे पारपत्रच ते. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधी 4 जून 1954 रोजी न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतही त्यात सहभागी आहे. कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक भाग गाडी देशात येताना सीमाशुल्क अधिकारी काढून घेतात, दुसरा गाडी बाहेर जाताना. तिसरा भाग स्थळप्रत म्हणून पुस्तिकेतच राहतो आणि त्यावर येण्याचे व जाण्याचे असे दोन्ही शिक्के उमटतात. पुस्तिकेची मुदत साधारणतः एक वर्षाची असते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही हमीची साखळी आहे. मालक आपल्या देशातील मोटार संघटनेकडे रोख ठेव अथवा बँक गॅरंटी ठेवतो. त्या बळावर संघटना परदेशी सीमाशुल्क खात्याला आश्वासन देते की गाडी परत जाईल आणि न गेल्यास शुल्क भरले जाईल. भारतात मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही अशी कागदपत्रे देणारी जुनी संस्था आहे. गाडी परत आली आणि पुस्तिका नीट शिक्क्यांसह जमा झाली, की गॅरंटी मोकळी होते. एक जरी बहिर्गमनाचा शिक्का राहिला, तरी हिशेब उघडाच राहतो.

भारतात कार्नेवर आलेल्या गाडीला सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची मुदत मिळते. ही सवलत मुख्यतः परदेशात वास्तव्य असणाऱ्या पर्यटकासाठी आहे. कायमचे परतणाऱ्याने तिचा आधार घेऊ नये, कारण त्याच्या गाडीचा विचार शुल्काच्या वेगळ्या नियमांनी होतो. शिवाय 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा गाडीसोबत नोंदणीपत्र, चालक परवाना, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र बाळगावे लागते. कागद इंग्रजीत नसल्यास अधिकृत भाषांतर लागते. तिच्यातून भाड्याने प्रवासी अथवा माल नेता येत नाही.

खरी परीक्षा प्रवासाच्या शेवटी असते. जहाजाचे भाडे जड वाटते आणि घरातील कोणीतरी सुचवते, “राहू द्या गाडी गोदामात, कोण विचारतो?” किंवा एखादा हौशी मित्र चांगली किंमत देऊ करतो. येथे दोन हिशेब मांडावे लागतात. पहिला पैशांचा आहे. शुल्क, दंड, जप्ती आणि तिकडे वटवली जाणारी बँक गॅरंटी यांपुढे जहाजभाडे क्षुल्लक ठरते. दुसरा हिशेब व्रताचा आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘विरुद्धराज्यातिक्रम’ गणला आहे. राज्याचे नियम डावलून लाभ मिळवणे, हा त्याचा आशय. शुल्क चुकवलेली गाडी दारात उभी राहिली, तर त्या श्रावकाचे व्रत कागदावरच उरते.

अडचण प्रामाणिक माणसावरही येते. 2025 साली मुंबईहून निघून इंग्लंडला पोहोचलेल्या एका दुचाकीस्वाराची मोटारसायकल नॉटिंगहॅम येथे चोरीस गेली. कार्नेवर आणलेल्या गाडीबाबत असे घडले, तर ती परत गेली असे कोणी मानत नाही. पोलिसांतील तक्रारीची प्रत घ्यावी, स्थानिक सीमाशुल्क खाते आणि कार्ने देणारी संघटना यांना तत्काळ लेखी कळवावे, मूळ कागद जपावेत.

इकडून बाहेर जाणाऱ्यांसाठीही रीत ठरलेली आहे. नऊवारी नेसून पुण्याच्या रमिला लटपटे 9 मार्च 2023 रोजी गेट वे ऑफ इंडियाहून मोटारसायकलवर जगप्रवासास निघाल्या, तेव्हापासून मराठी घरांत अशा प्रवासाचे कुतूहल वाढले आहे. एमएच 27 किंवा एमएच 30 ची गाडी नेपाळला न्यायची तर कार्ने लागत नाही. सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे शुल्क कचेरीची पावती घेऊन मुदतीत परतावे लागते. इराण, ऑस्ट्रेलियासारख्या देशांसाठी मात्र कार्ने हवा, आणि ऑस्ट्रेलियात तर चाकाला चिकटलेली मातीही चालत नाही. आंतरराष्ट्रीय चालक परवाना आपल्या परिवहन कार्यालयातून मिळतो. त्याची मुदत एक वर्ष.

दिग्व्रतात श्रावक आपल्या गमनाच्या दिशांना आजन्म मर्यादा घालतो, तर देशावकाशिक व्रतात ती ठरावीक काळापुरती अधिक आवळतो. ज्या घराला ही शिस्त ठाऊक आहे, त्याला कार्नेची मुदत जाचक वाटण्याचे कारण नाही. प्रवासाला निघण्यापूर्वीच परतीच्या जहाजभाड्याची रक्कम बाजूला काढून ठेवावी. हमीदाराची झोप शाबूत राहते आणि घराण्याचा शब्दही.