नाल्याला वास सुटला, आता जायचं कुणाकडे?

 

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या एका गटाची मासिक बैठक चालू होती. हप्ते गोळा झाले, इतिवृत्त लिहून झालं. एक ताई मात्र गप्प बसून होत्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "विहिरीच्या पाण्याला वास येतोय. शेळीसुद्धा तोंड लावीना." त्यांच्या बांधाला लागून नाला आहे. नाल्यात काळपट पाणी आणि फेस दिसत होता. किती दिवस झाले? "आठ-नऊ दिवस."

आम्ही तिथंच वहीचं पान फाडून अर्ज लिहिला, "नाल्याचं पाणी खराब झालं आहे, तरी चौकशी व्हावी." त्यात तारीख नव्हती, गट नंबर नव्हता, फोटो नव्हता. अर्ज गावात देऊन आम्ही निर्धास्त झालो. तो योग्य ठिकाणी पोचेपर्यंत वळवाचा पाऊस पडून नाला धुऊन निघाला. पाहणीला आलेल्या साहेबांना नुसतं गढूळ पाणी दिसलं. ते म्हणाले, "ताई, वास बाटलीत भरता येत नाही. पाणी वाहत असतं तेव्हा कळवा."

चूक आमचीच होती. कुणाला, कधी आणि काय कळवायचं हेच आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून आज त्याच कार्यालयाची ओळख करून घेऊ, ज्याला आपण "प्रदूषणवाले" म्हणतो.

त्याचं पूर्ण नाव महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. हे मंडळ ७ सप्टेंबर १९७० ला सुरू झालं, कारण महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता. सगळ्या देशासाठी जल कायदा आला १९७४ मध्ये, हवेचा कायदा १९८१ मध्ये. १९८४ ला भोपाळची वायुगळती झाली, त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. या कायद्यांच्या जोरावर मंडळ कारखान्यांवर देखरेख ठेवतं. मुख्यालय मुंबईत सायनला आहे, आणि आपल्या भागाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकला, सातपूरच्या उद्योग भवनात. मनमाडहून सकाळच्या गाडीने निघालं तर काम उरकून संध्याकाळी घरी येता येतं.

कारखान्याचे दोन कागद

मंडळाचं काम सुरू होतं संमतीपत्रापासून. कारखाना बांधण्याआधी एक संमती घ्यावी लागते, तिला स्थापनेची संमती म्हणतात. बांधून झाल्यावर, चालू करण्याआधी दुसरी, ती चालवण्याची संमती.  आपल्या गटाच्या कर्जाला जशा अटी असतात, तशा या कागदालाही असतात. काय बनवणार, किती बनवणार, पाणी किती वापरणार, सांडपाणी किती निघणार आणि ते कुठे जाणार, कचरा कुणाला देणार, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

उद्योगांना रंगही दिलेले आहेत. २०१६ च्या यादीप्रमाणे साखर कारखाने, मद्यार्काच्या भट्ट्या, चामडं कमावण्याचे, रंग आणि औषधं बनवण्याचे कारखाने लाल गटात येत होते. वीटभट्टी आणि खडी क्रशर नारिंगी गटात होते. त्याहून कमी त्रासाचे हिरव्या गटात. रंगकाम न करणारे हातमाग वगैरे पांढऱ्या गटात, त्यांना संमती लागत नाही, नुसतं कळवायचं असतं. लाल रंग म्हणजे कारखाना वाईटच, असं समजू नका. त्याच्यावर नजर जास्त ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ.

पाणी मोजतात कसं

नाल्यातलं पाणी दिसायला काळं आहे म्हणून कारखाना दोषी ठरत नाही. त्यासाठी आकडा लागतो. पाण्यातल्या माशांना आणि जिवांना प्राणवायू हवा असतो. मळीसारखी घाण पाण्यात पडली की जंतू ती खायला लागतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. त्या घाणीला किती प्राणवायू लागेल याच्या मोजमापाला बीओडी म्हणतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. रसायनांसह सगळी घाण मोजणाऱ्या सीओडीची मर्यादा २५०. आम्ल-अल्काचा सामू ५.५ ते ९ च्या आत हवा. काही उद्योगांना याहून वेगळ्या मर्यादा असतात.

हे आकडे गाठण्यासाठी कारखान्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र असतं. ते चालवायला वीज, रसायनं आणि माणूस लागतो. म्हणजे रोजचा खर्च. एखादा मालक तो वाचवायला बघतो, आणि मग पाणी रात्री किंवा जोराच्या पावसात सोडलं जातं. मंडळाचे लोक दिवसा कधीतरी तपासणीला येणार, नाल्याकाठी रात्रंदिवस आपणच राहतो.

नमुना घेण्याचीही रीत ठरलेली आहे. अधिकारी कारखानदाराला नोटीस देऊन त्याच्यासमोर नमुना घेतात. त्याचे दोन भाग करून, सील करून त्यावर सह्या होतात. बाटली थंड ठेवून प्रयोगशाळेत जाते. बीओडीची तपासणी २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते, त्यामुळे अहवाल लगेच मिळत नाही. रीत चुकली तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आपण घरच्या बाटलीत भरलेलं पाणी म्हणूनच पुरावा होत नाही. ते भरायलाही जाऊ नका. पाण्यात काय मिसळलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, हात भाजू शकतो.

सात प्रतींची पावती

सांडपाण्याइतकीच काळजी घातक कचऱ्याची घ्यावी लागते. २०१६ च्या नियमांप्रमाणे कारखान्याला असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तो मान्यताप्राप्त ठिकाणीच द्यायचा. अशी मोठी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत. कचऱ्याची गाडी निघताना सात प्रतींची पावती होते. पाठवणारा, नेणारा, घेणारा आणि मंडळ या सगळ्यांकडे तिच्या प्रती राहतात. जेवढा निघाला तेवढाच पोचला का, हे त्यावरून ताडता येतं.

ही पावती डावलली की काय होतं ते उल्हासनगरने भोगलं. २०१४ च्या अखेरीस तिथं वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि वायूच्या त्रासाने शेकडो माणसं दवाखान्यात गेली. आपलं मनमाडही टँकरचं गाव. पानेवाडीला इंधनाचे मोठे डेपो आहेत, रस्त्याला गॅरेजं आहेत. दिवसाउजेडी जाणाऱ्या टँकरचं आपल्याला काही वाटत नाही. पण आडरानात नाल्याकाठी रात्री टँकर उभा दिसला, तर लांबूनच त्याचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा. जवळ जाऊ नका, भांडूही नका. तडक पोलिसांना फोन करा.

या घातक कचऱ्यातल्या दोन वस्तू आपल्या घरातही शिरल्या आहेत. पहिली म्हणजे गॅरेजचं काळं ऑइल. वाळवी लागू नये म्हणून आपण ते लाकडाला फासतो आणि उरलेलं मोरीत ओततो. नियमांच्या यादीत वापरलेलं ऑइल घातक कचरा आहे.

दुसरी वस्तू जास्त महत्त्वाची. मनमाडकरांनी पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी येणारं नळाचं पाणी साठवून वर्षं काढली. त्यासाठी भंगारातून स्वस्तात निळी पिंपं आणली. त्यातली कितीतरी कारखान्यातून रसायन रिकामं होऊन आलेली असतात. रसायन लागलेलं रिकामं पिंप हासुद्धा त्याच यादीतला घातक कचरा आहे. कारखान्याने ते मान्यताप्राप्त ठिकाणीच द्यायला हवं, भंगारवाल्याला नाही. दोन पाण्यांनी धुतलं म्हणजे ते पिण्याचं पाणी भरण्याजोगं होत नाही. पिंपावर रसायनाचं नाव, कवटीचं चित्र दिसलं, आत वास किंवा चिकटपणा असला, किंवा ते कशाचं होतं हेच कुणाला सांगता येत नसलं, तर त्यात प्यायचं पाणी साठवू नका. पिंपं गटाने मिळून नवी घेतली तर भावही कमी पडतो.

अर्ज कसा करायचा

आता आमच्या चुकीवरून शिकलेलं सांगतो. पाणी वाहत असेल त्याच दिवशी कळवा. अर्ज नाशिकच्या मंडळाच्या कार्यालयाच्या नावाने करा, प्रत ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना द्या. अर्जात तारीख, वेळ, गाव, गट नंबर, पाण्याचा रंग आणि वास लिहा. नाल्याच्या वरच्या अंगाला पाणी कसं आहे आणि खालच्या अंगाला कसं, तेही लिहा. कोणत्या विहिरी, किती जनावरं, किती घरं याचा त्रास सोसतात ते मांडा. मागची खूण दिसेल असे फोटो काढा. पोच घेतल्याशिवाय हलू नका. कुणाचं नाव खात्रीशिवाय लिहू नका, "नाला वरच्या बाजूने अमुक ठिकाणाहून येतो" एवढं पुरे.

मंडळाकडे अधिकार मोठे आहेत. ते नोटीस देऊ शकतं, कारखाना बंद करायचा आदेश देऊ शकतं, त्याची वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. आपल्यालाही अधिकार आहेत. सांडपाण्याच्या संमतीच्या अटी मंडळाच्या नोंदवहीत असतात, आणि ज्याला त्या सांडपाण्याचा त्रास होतो त्याला ती नोंदवही पाहता येते. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून संमतीपत्राची आणि तपासणी अहवालाची प्रत मागता येते. मंडळाने काहीच केलं नाही, तर ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. नुकसानभरपाईसाठी पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. तिथं ५ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

मोठा प्रकल्प येणार असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मंडळ जनसुनावणी घेतं. तिची सूचना ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. तिथं कुणीही बोलू शकतं, आणि बोललेलं इतिवृत्तात आलं पाहिजे. इतिवृत्त आपल्याला नवीन नाही. ते वाचून दाखवलं जाईपर्यंत मांडवातून उठू नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. गावातला घरगुती कचरा उचलणं हे ग्रामपंचायतीचं किंवा नगरपरिषदेचं काम आहे. प्यायच्या पाण्याची तपासणी आरोग्य केंद्रामार्फत होते. दार चुकलं की दिवस वाया जातात, आमचे गेलेच होते.

श्रावणात तोच वास पुन्हा आला. या वेळी त्या ताईंनी सकाळी सातला फोन केला. दुपारपर्यंत फोटो निघाले, अकरा बायकांच्या सह्या झाल्या, आमच्यातल्या दोघी अर्ज घेऊन नाशिकला पोचल्या. अधिकारी आले तेव्हा नाला काळाच होता. त्यांच्याबरोबर आम्ही वरच्या अंगाला चालत गेलो. एका छोट्या कारखान्याच्या कुंपणाखालून पाइप आलेला होता. नमुना घेतला गेला, सह्या झाल्या. अहवालात आकडे मर्यादेच्या बाहेर आले, आणि जे काम तिथं चाललं होतं त्याची संमतीही निघाली नाही. कारखान्याला काम बंद करण्याचा आदेश झाला.

नाला आता निवळला आहे, विहीर मात्र अजून निवळली नाही. मंडळाचा कागद कारखान्याचा पाइप थांबवू शकतो, झिरपून खाली गेलेलं पाणी वर काढू शकत नाही. त्या ताई आजही अर्ध्या कोसावरून प्यायचं पाणी आणतात. भरपाईच्या अर्जासाठी आम्ही पोचपावत्या, फोटो आणि अहवाल एका फाइलीत लावतो आहोत. मे महिन्यातले ते आठ-नऊ दिवस आम्ही घालवले नसते, तर त्या विहिरीत निदान तेवढं काळं पाणी कमी मुरलं असतं.

म्हणून येत्या बैठकीत एक काम करा. हप्त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर नाशिकच्या मंडळाच्या कार्यालयाचा पत्ता आणि फोन लिहून ठेवा, आणि नाल्याकाठी राहणाऱ्या दोघींवर नजर ठेवायची जबाबदारी द्या. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.