चप्पल निसटते, तेव्हा

"ट्रेनच्या धक्क्यांनी कंबर गेलीय." विरार लोकलमध्ये रोज उभ्यानं जाणाऱ्या आपल्या भागात हे कुणीही म्हणतं, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण ज्याला स्तनाचा, प्रोस्टेटचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर आहे किंवा होऊन गेलाय, त्याची पाठदुखी वेगळी समजावी. आडवं पडल्यावर, खोकताना, शौचाला जोर करताना ती वाढते. कधी छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी वाटते. कॅन्सर मणक्यात पसरून मज्जारज्जू दाबू लागला, तर पहिली खूण बहुधा हीच. पुढे कापसावर चालल्यासारखं वाटतं, पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही. लघवी तुंबते. अशा वेळी मालिश नको, हाड बसवणं तर नकोच. त्याच दिवशी पूर्ण मणक्याचा एमआरआय हवा.

"शेक देणार म्हणजे भाजणार." मज्जारज्जूवरचा दाब कमी करायला रेडिओथेरपी देतात, तिलाच लोक 'शेक' म्हणतात. घोटाळा या शब्दानंच केलाय. रेडिओथेरपीत क्ष-किरण असतात. देताना काही जाणवत नाही, काही मिनिटांत संपतं. बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत. घरी येऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं.

"महिनाभर रोज परळच्या हॉस्पिटलला कसं नेणार?" परळजवळचं दादर स्टेशन विरारहून सुमारे 50 किलोमीटर, तेव्हा काळजी रास्त आहे. पण इथं महिना लागत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत काहींना 8 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) एकदाच दिले, काहींना पाच दिवसांत 20. आठ आठवड्यांनी चालू शकणारे होते अनुक्रमे 69 आणि 73 टक्के. कुणाला किती, हे डॉक्टर ठरवतील. दाब एकाच जागी आणि तब्येत बरी असेल, तर आधी शस्त्रक्रिया करणंही फायद्याचं ठरतं.

"शेवटच्या स्टेजला काय उपयोग?" सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतं. हे उपचार पाय वाचवण्यासाठी असतात. उपचार सुरू होताना जो चालतोय, तो बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण गेल्यावर ते क्वचितच परत येतात. म्हणून सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे औषध लगेच आणि रेडिओथेरपी शक्यतो 24 तासांत.

लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना मुभा आहे, पण ही लक्षणं दिसतील त्या दिवशी तो डबाही नको. रुग्णाला सपाट झोपवून अँब्युलन्सनं न्या. निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करा, बायोप्सीचा रिपोर्ट आणि जुनी फाईल सोबत घ्या. सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका.